ओझ्याचा हिशेब

ओझ्यासाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत, ओढणं आणि वाहणं. बैल गाडी ओढतो, हमाल पोतं वाहतो. ओढणाऱ्याचं वजन चाकं घेतात. वाहणाऱ्याच्या मात्र ते थेट मणक्यावर येतं. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे यंत्रांकडेही शब्दांचं बोट धरूनच जातो. आपल्याकडच्या मालवाहू गाड्यांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. छोटी गाडी घ्यावी की मोठी, या प्रश्नाचं उत्तर आपण किमतीत शोधतो. ते असतं ओझ्यात.

आपल्या गाडीवानांना हे ठाऊक होतं. बैलगाडीत माल भरताना तो मागे जास्त गेला, तर गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त गेला, तर त्यांच्या मानेवर भार येतो. म्हणून किती भरायचं याच्या आधी कुठे भरायचं, हे पाहिलं जाई. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं, ते मानेच्या वळांवरून कळत असे.

मोटारींच्या जमान्यात हिशेब बदलला. १९५४ साली टाटांच्या टेल्कोने डेम्लर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. गावोगावच्या हमरस्त्यांवर हे ट्रक धावू लागले. पुढे टाटांचा १२१० या क्रमांकाचा ट्रक घरोघर माहीत झाला. या आकड्यात त्या गाडीची कुंडलीच असे. पहिले दोन अंक म्हणजे मालासकट गाडीचं एकूण वजन, १२ टन. आणि उरलेल्या १० ला दहाने गुणलं की इंजिनाची साधारण ताकद, १०० अश्वशक्ती. वजन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या क्रमांकातच मांडलेलं होतं.

पण ट्रक गावात आला तरी गल्लीत शिरत नव्हता. मोंढ्यापासून दुकानापर्यंतचा मैल-दोन मैल हातगाडीचा आणि टांग्याचाच राहिला. ही फट भरली नगरच्या नवलमल फिरोदिया यांनी. ते स्वातंत्र्यसैनिक आणि वकील. १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या सहकार्याने त्यांनी मुंबईत गोरेगावला तीनचाकी मालगाडी बनवायला सुरुवात केली. तिचं नाव ‘टेम्पो’. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला मोठा कारखाना उभा राहिला. बजाज टेम्पो कंपनीने २००५ साली आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. नावातला टेम्पो गेला, पण आपल्या बोलण्यातून तो गेला नाही. आजही घर बदलताना आपण ‘टेम्पो सांगून ठेव’ म्हणतो, मग दारात कुठल्याही कंपनीची गाडी येवो. एका परदेशी कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसलं, याला भाषेच्या इतिहासातही जागा द्यायला हवी.

टेम्पोने हातगाडी ओढणाऱ्याची पाठ वाचवली, हे खरंच. पण त्याच दिवसांत एक सवयही लागली. गाडी चालते आहे ना, मग भरा आणखी! माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या तालुक्याच्या गावात मॅटाडोर आणि टेम्पो कडब्याच्या पेंढ्यांनी असे भरलेले दिसत, की खाली गाडी आहे हे चाकांवरूनच कळावं.

१९८०च्या दशकात छोटा टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्या मधली जागा भरण्यासाठी चुरस लागली. टोयोटा, निस्सान, माझदा, मित्सुबिशी या जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून भारतीय उद्योगांनी हलके ट्रक आणले. त्यांना टाटांनी १९८६ साली उत्तर दिलं, ४०७. पुढे दोन, मागे चार, अशी सहा टायरांची ही गाडी. मागच्या जोडटायरांमुळे भार वाटला जातो आणि हौदा डगमगत नाही. मोठी गाडी म्हणजे नुसतं मोठं इंजिन नव्हे. चासी, पाटे, ॲक्सल आणि ब्रेक हे सगळंच त्या वजनाला पुरेल असं घडवावं लागतं.

हाच प्रश्न अमेरिकेत वेगळ्या रूपाने उभा राहिला. तिथे शेतकऱ्याची आवडती गाडी म्हणजे पिकअप. फोर्डने १९२५ साली ती कारखान्यातूनच तयार करून विकायला काढली, आणि १९४८पासून तिच्या अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशा प्रती केल्या. ही नावं आजही तोंडी आहेत, पण अर्ध्या टनाची म्हणवणारी आजची पिकअप अर्ध्या टनापेक्षा बरंच जास्त ओझं घेते. तिथे वाहण्याइतकंच ओढण्यालाही महत्त्व. घोड्यांची गाडी, नाव, चाकांवरचं घर असं काहीबाही मागे जोडलेलं असतं. हलकी पिकअप रोजच्या वापराला सुखाची आणि तेलाला स्वस्त पडते. जड पिकअप रिकामी असली की हाडं खिळखिळी करते, पण घाटात मागच्या ओझ्याला ती धरून ठेवते. जोडगाडीच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर यावा, असा तिथला दंडक आहे. माल मागे गेला तर जोडगाडी सापासारखी वळवळू लागते. म्हणजे आपली उलाळ गाडीच की! आपल्याकडे ओढण्याचं काम बहुतांशी ट्रॅक्टरकडे राहिलं, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या. पिकअपने आणि टेम्पोने आपल्याकडे वाहायचं काम केलं.

२००५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचं. त्या वर्षी मे महिन्यात टाटांनी एस ही चारचाकी आणली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन, पाऊण टन माल, आणि किंमत सुमारे सव्वादोन लाख रुपये. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलं. हातगाडी ढकलणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या कितीतरी माणसांना तिने मालक केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की जादा भरलेल्या ट्रकला नुसता दंड घेऊन सोडून द्यायचं नाही, जादा माल खाली उतरवूनच गाडी पुढे जाऊ द्यायची. मोठी गाडी महामार्गावर आणि छोटी गाडी गावात, अशी वाटणी यानंतर रुळत गेली.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने पशुखाद्याचा धंदा काढला. त्याने मला विचारलं, ‘‘मामू, छोटा हत्ती घेऊ का सहाचाकी?’’ मी म्हटलं, ‘‘अरे, आधी पोती मोज.’’ पन्नास किलोचं पोतं धरलं, तर पंधरा पोत्यांत पाऊण टन संपतो. तो हसला आणि म्हणाला, ‘‘मामू, लोक तीस घालतात. एका खेपेत काम होतं.’’ मग आम्ही त्याच्या वहीतून महिन्याभराच्या खेपा काढल्या. बहुतेक दिवशी पोती बारा-चौदाच्या वर जात नव्हती. जास्तीची मागणी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी. त्याने छोटी गाडी घेतली आणि त्या एका दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने सांगायची, असं ठरवलं. वर्षातून कधीतरी येणाऱ्या ओझ्यासाठी रोजचा हप्ता वाढवू नये. पण जे ओझं रोजचंच आहे, त्यासाठी छोटी गाडी घेऊन तिचा जीव काढू नये.

हा प्रश्न एकट्या मालकाचा नाही. दुप्पट भरलेली गाडी सपाटीवर धावते, चढही कशीबशी चढते. खरी परीक्षा उतारावर असते. तिथे सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. रस्त्याचंही तसंच. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ खास रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक पळवले गेले. त्यातून निघालेला नियम असा, की ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नाही, जवळपास सोळापट होते. एका खेपेचं वाचलेलं डिझेल मालकाच्या खिशात जातं, आणि सोळापट झिजलेला रस्ता तुमच्या-माझ्या वाट्याला येतो.

कायदाही याच वजनाभोवती फिरतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि हलक्या वाहनाची मर्यादा एकूण ७,५०० किलो ठरली. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस या मर्यादेतली मालगाडी चालवू शकतो की नाही, यावर कित्येक वर्षं खटले चालले. अपघात झाला, की विमा कंपनी परवान्यावर बोट ठेवी आणि भरपाईचं काम अडे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चालवू शकतो असं म्हटलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या असंख्य घरांना त्यामुळे हायसं वाटलं असेल. दुसरीकडे २०१९च्या दुरुस्तीने जादा माल भरण्याचा दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये केला.

पण दंडापेक्षा सोपी वाट प्रत्येक मालगाडीच्या आरसी बुकात छापलेली आहे. तिथे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. मोठ्यातून लहान वजा करायचं. उरेल तेवढंच त्या गाडीचं ओझं. खेपेच्या पैशासाठी चालकाला अनेकदा ‘नाही’ म्हणता येत नाही. मालकाला म्हणायचं नसतं. हमालाला तर कोणी विचारतच नाही. म्हणून पुढच्या वेळी विटा, धान्य किंवा घरचं सामान टेम्पोत भरताना आपणच, ज्यांचा माल आहे त्यांनी, चालकाला तो आकडा विचारावा. माल जास्त निघाला तर दुसरी खेप सांगावी आणि तिचं भाडं घासाघीस न करता द्यावं.