वेळासच्या वाळूवरचा माग

फाल्गुनातल्या पहाटे वेळासच्या पुळणीवर जमिनीकडून येणारा मतलई वारा अंगाला झोंबतो. उन्हे वर आली की तो पडतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि कोरड्या वाळूवरच्या रात्रीच्या खुणा बुजवत जातो. म्हणून इथे काही पाहायचे तर उजाडताना पाय वाळूत हवेत.

पाण्याच्या कडेने चिखल्या पक्ष्यांची लगबग चालते. ओल्या वाळूत कुर्ल्यांनी बिळाभोवती इवल्या गोळ्या मांडून ठेवलेल्या असतात. भरतीच्या रेषेवर मर्यादवेलीची जांभळी फुले वाऱ्यात डोलतात. काळा भुंगा एकदा हुकतो, दुसऱ्या झेपेत फुलात शिरतो. लांब पायांचे शिकारी भुंगेरे वाळूवर धावतात, मध्येच थबकतात, पुन्हा धावतात. त्यांचा वेगच इतका की धावताना त्यांना भक्ष्य नीट दिसत नाही. ते हेरायला थांबावे लागते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले हे गाव नाना फडणवीसांचे मूळ गाव. आज त्याला वेगळी ओळख आहे, आणि ती अशाच एका पायपिटीतून मिळाली. २००२ साली भाऊ काटदरे आणि चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’चे कार्यकर्ते समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्यावर फिरत होते. वेळासला त्यांना वाळूत अंड्यांची टरफले दिसली. ती ऑलिव्ह रिडले कासवाची होती.

कासवाची अंडी काढून खाण्याची, विकण्याची रीत कोकणात जुनी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाल्यावरही ती सुटली नव्हती. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात परतते. पिल्लांची वाट पाहायला ती थांबत नाही. मागे राहतो तो तिच्या वल्ह्यासारख्या पायांनी उमटवलेला माग. तो धरून माणसे, कुत्री आणि कोल्हे थेट अंड्यांपर्यंत पोचत.

संरक्षणाचे कामही याच मागावर उभे राहिले. वाऱ्याने माग बुजण्याआधी किनारा चालायचा, घरटे शोधायचे, अंडी जपून उचलायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची. जी नजर अंडी शोधण्यात तरबेज होती, तीच आता राखणीला लागली. अशा राखणदारांना ‘कासवमित्र’ हे नाव मिळाले. पुढे वन विभागाच्या साथीने हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा किनाऱ्यांवरही हे काम रुजले.

२००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरतात, घरचेच जेवण जेवतात. जिवंत कासवामुळे गावाच्या हाती चार पैसे येऊ लागले.

सकाळ-संध्याकाळ कुंपणातल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून पाहतात. कधी खाली नुसती वाळू असते. कधी वाळूला मधोमध खळगा पडलेला असतो. त्यातून एक काळपट डोके वर येते, मग एक पाय, आणि बोटभर लांबीचे पिल्लू बाहेर पडून क्षणभर निपचित राहते. त्याला पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. पुढची वाट त्याने स्वतः चालायची असते. पहिली लाट त्याला उलटे मागे फेकते. दुसरी घेऊन जाते.

मोठी झालेली कासवे जातात कुठे, हेही आता उलगडू लागले आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले गेले. तिचे नाव ‘प्रथमा’. पण मोठा धक्का दिला तो गुहागरने. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, या समजाला तिने तडा दिला.

म्हणूनच नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या वाचकालाही ही गोष्ट दूरची वाटू नये. भोकरच्या ओढ्यानाल्यांचे पाणी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी समुद्राला मिळते त्या काकीनाड्याच्या किनाऱ्यावरही हीच कासवे अंडी घालायला येतात.

वेळासला जायचे तर मुक्कामाच्या तयारीने जावे, कारण पिल्ले बाहेर येण्याचा दिवस कोणी ठरवू शकत नाही. पिल्लांच्या वाटेसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे उभे राहावे, पिल्लू हातात घेऊ नये, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा. आणि निघण्यापूर्वी एक पहाट नुसती किनारा चालण्यासाठी ठेवावी, खारा वारा सुटण्याआधी.