बंडवाल्या नाविकाचें उत्तरायुष्य

नौदलांतील एखाद्या वृद्धाची आठवण निघाली म्हणजे छातीवरचीं पदकें, दर्यावरच्या लढाया आणि निवृत्तिवेतनावर घालविलेला निवांत वृद्धापकाळ हें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. आज ज्यांच्याविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांच्या वांट्याला नौदलाकडून बडतर्फीचा कागद आला. त्यांचें नांव बलाइचंद्र दत्त.

दत्त मूळचे बंगालचे. १९४१ सालीं ते रॉयल इंडियन नेव्हींत तारायंत्री म्हणून भरती झाले आणि महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर त्यांनीं नोकरी केली. युद्ध संपल्यावर कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन शिकविणाऱ्या ठाण्यांत त्यांची नेमणूक झाली. तेथें निकृष्ट अन्न, गोऱ्यांहून कमी पगार आणि उठतां बसतां अपमान हा नित्याचा क्रम. त्यांतच दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. आपण कोणासाठीं लढलों, हा प्रश्न या तरुणांना तेव्हां प्रथमच टोचूं लागला.

१ डिसेंबर १९४५ रोजीं नौदल दिन होता. त्या सकाळीं 'तलवार'च्या भिंतींवर 'चले जाव' हीं अक्षरें झळकलीं. पुढें २ फेब्रुवारी १९४६ रोजीं सरसेनापति ऑकिन्लेक यांच्या भेटीच्या वेळीं पुन्हां तोच प्रकार झाला, आणि या खेपेस दत्त सांपडले. वय पंचविशीच्या आंत. क्षमा न मागतां, मला राजकीय कैदी माना, असें त्यांनीं वरिष्ठांस सांगितलें.

पुढील हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. कमांडर किंग यांच्या शिवीगाळीनें संतापलेल्या नाविकांनीं १८ फेब्रुवारीस अन्न नाकारलें. पांच दिवसांत ७८ जहाजें, किनाऱ्यावरचीं २० ठाणीं आणि सुमारें २०,००० नाविक संपांत उतरले. काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट हे तिन्ही झेंडे एकाच जहाजावर फडकले. मुंबईच्या कामगारांनीं हरताळ पाडला. गोळीबारांत दोनशेंहून अधिक माणसें पडलीं. परळच्या कमल दोंदे त्यांतल्याच. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेस नाविकांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं.

सरदारांचें म्हणणें असें कीं, स्वतंत्र हिंदुस्थानालाहि शिस्तीचें सैन्य लागणारच. हें म्हणणें खोडून काढणें मला तरी कठीण वाटतें. पण शरणागतीनंतर ४७६ नाविक बडतर्फ झाले, आणि १५ ऑगस्ट १९४७ नंतर ना हिंदुस्थाननें त्यांस परत घेतलें, ना पाकिस्ताननें. परक्या राज्याच्या शिस्तीचा भंग केला म्हणून आपल्याच राज्यानें दार बंद ठेवावें, याला कोणतें कारण पुरेसें मानावें? मीं पुष्कळ वर्षें वर्गांत इतिहास शिकविला, पण या प्रश्नाचें मुलांस पटेल असें उत्तर मला कधीं देतां आलें नाहीं. पाठ्यपुस्तकांत तर बंडाला जेमतेम दोन ओळी असत.

दत्तांनीं रडगाणें गायिलें नाहीं. ते 'फ्री प्रेस जर्नल'मध्यें बातमीदार झाले, पुढें 'लिंटास' या जाहिरात कंपनींत गेले. तारायंत्रावर ठोके देणारा हात आतां तेल-साबणाच्या जाहिरातींच्या जगांत पोट भरूं लागला. बंड होऊन पंचवीस वर्षें लोटल्यावर, १९७१ सालीं, त्यांनीं 'म्यूटिनी ऑफ दि इनोसंट्स' हें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. बंडाची आंतली हकीकत जाणण्यास आज हें पुस्तक वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं. एवढ्या काळांत कितीएक साथीदार गांवोगांवीं पांगले असतील, कितीएकांनीं घरींहि कांहीं सांगितलें नसेल.

दखल घेतली गेली ती उशिरानें. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेंत या बंडाचा समावेश झाला. २००१ सालीं कुलाब्यास स्मारक उभें राहिलें. पण मला विशेष वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. गेल्या शतकाच्या अखेरीस नौदलानें आपल्या दोन टग-बोटींस बंडवाल्यांचीं नांवें दिलीं. एकीस संपसमितीचे उपाध्यक्ष मदन सिंग यांचें आणि दुसरीस दत्तांचें. या बोटी आकारानें लहान असतात; मोठ्या युद्धनौकांना ओढून, रेटून धक्क्याला लावणें हें त्यांचें काम. ज्या नौदलाच्या भिंतीवर दत्तांनीं चोरून अक्षरें काढिलीं, त्याच नौदलानें त्यांच्या हयातींत त्यांचें नांव आपल्या बोटीवर उघडपणें रंगविलें.