हातात न येणारा ससा

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी आजच्या भागाची ही लिखित प्रत. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी इथे घातल्या आहेत, आणि बोलताना पाच मिनिटं जे भरकटले होते ते काढून टाकलंय.

विषय ससा. का, ते सांगते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका दादाने मुलीच्या वाढदिवसाला पांढराशुभ्र ससा आणला. तीन आठवड्यांनी लिफ्टमध्ये भेटला तर वैतागलेला. "अगं, हातातच येत नाही तो. उचललं की लाथा झाडतो. पोरगी रडते. रविवारी टेकडीवर सोडून येतो, तिथे ससे आहेतच की." मी म्हटलं, "दादा, रविवारपर्यंत थांब, मी जरा बघते." मग चार रात्री वाचत बसले.

पहिली गोष्ट: टेकडीवरचा ससा आणि पिंजऱ्यातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. गोंधळ आपल्या भाषेचा आहे, मराठीत दोघांना एकच शब्द. आपला रानससा बीळ खणत नाही. तो गवतात दबून बसतो, आणि अगदीच जवळ गेलात की बाणासारखा सुटतो. त्याची पिल्लं जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा ससा हाच, चंद्रावरचाही हाच. आणि हा वन्यप्राणी आहे, त्याला पकडून पाळणं कायद्यात बसत नाही.

दुकानात मिळतो तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगाल आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. झुपकेदार असो, लोंबत्या कानांचा असो, जगातल्या सगळ्या पाळीव जाती या एकाच बीळवाल्या सशाच्या. याची पिल्लं आंधळी आणि उघडी जन्मतात, बिळातल्या अंधारात. म्हणजे याच्या डोक्यात 'घर' म्हणजे डोक्यावर छप्पर, अंधार आणि पळायला दुसरी वाट. दादाकडचा पिंजरा होता चारही बाजूंनी उघडा, टीव्हीच्या शेजारी!

आता रोमन लोकांकडे येऊ. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो नावाचा लेखक शेतीवर लिहिताना भिंत घातलेल्या आवारात ससे ठेवण्याबद्दल सांगतो, त्यात स्पेनचे ससेही येतात. नंतरचा प्लिनी तर भारी किस्सा देतो: बॅलेअरिक बेटांवर ससे इतके माजले की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क सैन्याची मदत मागितली. तेव्हा ससा कुणाच्या मांडीवर नव्हता. तो आवारात होता आणि तिथून ताटात जायचा.

मग पाळीव झाला कधी? इथे इंटरनेटवर सगळीकडे एकच गोष्ट सापडते. म्हणे इ.स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने फर्मान काढलं की सशाची नवजात पिल्लं म्हणजे मांस नव्हे, उपवासाला चालतील. मग फ्रान्समधल्या मठांत साधूंनी ससे पाळले आणि ते माणसाळले. ऐकायला झकास. पण २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी या गोष्टीचा माग काढला तर असं फर्मानच सापडेना. नावाचा घोटाळा झाला होता. तूर शहराचा बिशप ग्रेगरी हा वेगळाच माणूस. त्याने उपवासाच्या काळात सशाची पिल्लं खाणाऱ्या एका सरदाराबद्दल लिहिलं होतं. तेवढ्यावरून पुढच्यांनी पोप आणि फर्मान रचलं, आणि पुस्तकं एकमेकांची कॉपी मारत राहिली. आम्ही ऑफिसात स्टॅक ओव्हरफ्लोवरून कोड उचलतो, तसंच काहीसं.

त्या संशोधकांचं म्हणणं मला पटलं: एक तारीख शोधणंच चुकीचं. आधी शिकार, मग आवार, मग मध्ययुगात जमीनदारांची खास सशांची कुरणं. इंग्लंडमध्ये बाराव्या शतकापासून अशी कुरणं दिसतात, आणि त्यांचा राखणदार वेगळा नेमलेला असायचा. मग खुराडी. घरात लाडाने ठेवायचा ससा ही बरीच नंतरची गोष्ट. १८९० च्या दशकात बिअॅट्रिक्स पॉटर आपल्या बेंजामिन सशाला पट्टा बांधून फिरायला न्यायची. 'पीटर रॅबिट' १९०२ चं. थोडक्यात, कुत्र्याला माणसाबरोबर राहून हजारो वर्षं झालीत. ससा त्या मानाने परवाच आलेला पाहुणा.

आणि हे त्याच्या मेंदूत दिसतं! २०१४ मध्ये सशाचा जिनोम तपासला तेव्हा 'माणसाळण्याचा जीन' असं एक काही सापडलं नाही. खूप ठिकाणी लहान लहान बदल सापडले, त्यातले बरेच मेंदू घडवणाऱ्या जनुकांच्या आसपास. २०१८ मध्ये स्वीडनच्या गटाने आठ रानटी आणि आठ पाळीव सशांच्या मेंदूचे एमआरआय काढले. भीती हाताळणारा अमिग्डाला हा भाग पाळीव सशात लहान, आणि भीतीला आवर घालणारा पुढचा भाग मोठा. म्हणजे भीती काढून टाकलेली नाही, तिचा आवाज कमी केलाय. जुना कोड तसाच खाली चालतोय, वर पॅच मारलाय.

आता दादाच्या लाथांकडे परत या. सशाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, जवळजवळ चहूकडचं दिसतं, वरचंही. दिसत नाही ते नाकासमोरचं. अशा प्राण्यावर वरून हात आला आणि पाय जमिनीवरून सुटले, तर त्याच्या हिशेबात ती घार आहे. तो लाथ मारतो ती जीव वाचवायला. ती लाथ इतकी जोरदार असते की नीट धरलं नाही तर त्याचाच मणका मोडू शकतो, हाडं हलकी असतात. काही जण रील्समध्ये सशाला उताणं करून 'बघा कसा झोपला' म्हणून दाखवतात ना? तो झोपलेला नसतो. भीतीने थिजलेला असतो.

दादा म्हणाला, "ठीक आहे, मग टेकडीवर मोकळा तरी होईल!" तर या प्रश्नाचं उत्तर ऑस्ट्रेलियात आहे. १७८८ पासून तिथे जहाजांतून कितीतरी वेळा ससे नेले, पण मुख्य भूमीवर त्यांचा उपद्रव पसरला नाही. १८५९ च्या नाताळात व्हिक्टोरियातल्या थॉमस ऑस्टिनकडे इंग्लंडहून २४ ससे आले. पन्नासेक वर्षांत खंडभर ससेच ससे. पश्चिम ऑस्ट्रेलियाला १८०० किलोमीटरहून लांब कुंपण घालावं लागलं. २०२२ च्या एका जनुकीय अभ्यासाने सांगितलं की हा सगळा पसारा मुख्यतः ऑस्टिनच्याच सशांचा, आणि कारण हे की त्यांच्यात रानटी रक्त होतं. आधीचे पाळीव, माणसाळलेले होते, ते जंगलात टिकले नाहीत. आणि आपल्या टेकडीवर तर मुंगूस, भटकी कुत्री, घारी, एप्रिलचं ऊन. ससा अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे सोडतो, तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला झेपत नाही. पांढरा ससा त्या वाळक्या गवतात एक रात्र काढणार नाही. हे मी दादाला असंच, न गोडवता सांगितलं. तो गप्प झाला. मुलगी पलीकडच्या खोलीतून ऐकत होती, हे मला नंतर कळलं.

मग आम्ही तिघं जमिनीवर बसलो. उचलणं बंद. सशाकडे बघायचंही नाही, आपापलं वाचत बसायचं. पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर जुनी चादर टाकली, आत दोन्ही टोकांना भोकं पाडलेलं खोकं ठेवलं. चौथ्या दिवशी तो येऊन मुलीच्या कंपास पेटीला हनुवटी घासून गेला. ऑस्ट्रेलियातच, सशांना आवरायच्या नादात, मिकिटोविच नावाच्या शास्त्रज्ञाने या हनुवटीखालच्या ग्रंथींवर बरंच काम केलंय: ससा वास लावून 'हे माझं' म्हणतो. मागचा पाय जमिनीवर आपटला तर धोक्याची सूचना. हवेत उडी मारून अंगाला पीळ दिला तर खुशी. दात हलके वाजवत बसला तर मजेत आहे, करकरा वाजवले तर दुखतंय.

उचलावं लागतंच कधीतरी, डॉक्टरकडे नेताना वगैरे. तेव्हा खाली बसायचं, एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली, आणि त्याला आपल्या अंगाशी दाबून धरायचं. कानाला धरून कधीच नाही. खाणं म्हणाल तर मुख्यतः वाळलेलं गवत, दात आयुष्यभर वाढतात म्हणून. गाजर म्हणजे मिठाई. आणि दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, लेंड्याही पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता पशुवैद्य गाठायचा.

दादाकडचा ससा अजून त्यांच्याकडेच आहे. मांडीवर येत नाही. मुलगी गृहपाठ करते तेव्हा तिच्या पायाशी पसरतो आणि तिच्या टॅबची चार्जिंग वायर कुरतडतो, ती आता पाइपात घातलीय.