एका चिकटवहीतील क्रिकेट

लखनौस बदली झाल्याचा हुकूम हाती पडला, तेव्हा सामानात काय न्यावे आणि काय मागे ठेवावे याचा खल घरात दोन दिवस चालला होता. सरकारी नोकरास ओझे परवडत नाही, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे. तरीही जाड काळ्या पानांची एक चिकटवही मी ट्रंकेच्या तळाशी घातलीच. पणजोबांनी ती पुण्यास सुरू केली आणि आजोबांनी पुढे चालविली. तीत क्रिकेटपटूंची छायाचित्रे व वृत्तपत्रांतील कात्रणे असून, त्यांपैकी बहुतेकांखाली शाईने नावे लिहिली आहेत. मी स्वतः शाळेच्या संघातही कधी निवडला गेलो नाही. पण या वहीमुळे क्रिकेटचा इतिहास माझ्या घरचा झाला.

वहीत सर्वांत जुने चित्र आहे ते १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या अखिल भारतीय संघाचे. संघाचे छायाचित्र कसे घ्यावयाचे याचा एक ठरीव रिवाज असतो. मधल्या खुर्चीवर कर्णधार, त्याच्या दोन्ही बाजूंस मानाची माणसे आणि बाकीचे मागे उभे अथवा पुढे बैठक मारून. येथे मध्यभागी आहेत पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडू एकाच चौकटीत आले आहेत. त्यांतील एका नावाखाली पणजोबांनी दुहेरी रेघ ओढली आहे, ते नाव बाळू पालवणकर.

महाराजांविषयी फार लिहावयास नको. त्यांचा पुष्कळसा वेळ राज्यारोहणाच्या समारंभांत व मेजवान्यांत गेला, आणि केकी मिस्त्री हा उत्तम फलंदाजही चिटणीस म्हणून त्यांच्याबरोबर अडकून पडला. संघाने तेवीस सामने खेळून सहा जिंकले व पंधरा हरले. पण या पराभूत संघातील डावखुऱ्या बाळूने दौऱ्यात ११४ बळी घेतले! लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्याचे अकरा बळी होते. टाँटनला सॉमरसेटविरुद्ध एक गडी राखून मिळालेल्या विजयात त्याचा धाकटा भाऊ शिवराम ११३ धावांवर नाबाद राहिला. इंग्लंडात विल्फ्रेड ऱ्होड्सच्या गोलंदाजीचे जे कौतुक होते, त्याच पंक्तीत जाणत्यांनी बाळूस बसविले.

पंक्ती हा शब्द मी सहज लिहून गेलो; पण बाळूच्या बाबतीत तो सहज लिहिण्याजोगा नाही.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, चर्मकार कुटुंबातील. वडील लष्करी नोकरीत. पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर तो मैदान राखी, खेळपट्टीवर रूळ फिरवी आणि साहेबलोकांना सरावासाठी नेटमध्ये चेंडू टाकी. जे. जी. ग्रेग या नामांकित फलंदाजास तो तासन्‌तास गोलंदाजी करी. आपणांस बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे देईन, असे ग्रेगने कबूल केल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एक गोष्ट मात्र खरी. बाळूने त्या नेटमध्ये चेंडू अगणित टाकले, पण बॅट त्याच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम. गोलंदाजीसाठी मात्र नेटिव चालत असे.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने गोऱ्यांना हरविण्यासाठी बाळूस संघात घेतले. घेतले म्हणजे मैदानावर घेतले. चेंडू त्याच्या हातून घेताना कोणास विटाळ होत नसे; पण खेळ थांबला की बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूला बाहेर, वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे. हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा मी महाराष्ट्रात होतो व तो मला केवळ वाचनाचा विषय वाटला. लखनौस आल्यापासून मात्र तो विसरता येत नाही. हजरतगंजात संध्याकाळी आम्ही कचेरीतील मंडळी कुल्हडातला चहा आवडीने पितो, त्या भाजक्या मातीच्या वासाचे कौतुक करतो आणि कुल्हड फेकून चालू लागतो. आम्ही सारे एकाच तऱ्हेच्या कुल्हडातून पितो, एवढाच काय तो फरक. पण सारे काही त्या फरकातच आहे.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेला, रेल्वेत नोकरीस लागला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईस युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. हिंदूंच्या धावा २४२ व १६०. युरोपियनांच्या १९१ व १०२. पणजोबांच्या वहीत हे आकडे एका कोऱ्या पानावर नुसते लिहून ठेवले आहेत, चित्र नाही. त्या विजयाने किती घरांत माना ताठ झाल्या असतील याची कल्पना आज करणे कठीण आहे. बाळूबरोबर एका टेबलाशी बसण्यास सहकाऱ्यांची हरकत कमी होत गेली, ती अशाच विजयांमुळे. मात्र कर्णधारपद त्यास कधी मिळाले नाही. १९२० साली हा वाद उघड्यावर आला. बाळूस वगळले गेले आणि त्याचे भाऊ शिवराम व विठ्ठल निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. लोकमताच्या रेट्यापुढे निवडसमिती नमली व बाळू उपकर्णधार झाला. शेवटी १९२३ साली विठ्ठलाकडे हिंदूंचे नेतृत्व आले आणि त्याच्या संघाने युरोपियनांना हरविले. विठ्ठलाने पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते आज सहज मिळत नाही, ही आपल्या प्रकाशकांना शोभणारी गोष्ट नव्हे.

अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि साठ वर्षांची वर्णबंदी मोडली. त्याची छायाचित्रे त्या देशात घरोघर आहेत. त्याचा ४२ हा क्रमांक १९९७ साली सर्व संघांनी मिळून कायमचा राखून ठेवला. बाळू पुण्यास हिंदू क्लबातून खेळू लागला तो त्याच्या सुमारे पन्नास वर्षे आधी. पण आपल्याकडे त्याचे नाव ऐकून ‘कोण बाळू?’ असे विचारणारे क्रिकेटवेडे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यातही गुंतागुंत आहे. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळू होता आणि १९३७ च्या निवडणुकीत तो मुंबईस डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसच्या वतीने उभा राहून हरला. ज्या आंबेडकरांना तरुणपणी त्याच्या खेळाचा अभिमान वाटत असे, त्यांच्याविरुद्ध! त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भक्तांना तो गैरसोयीचा ठरला असावा, असे मला वाटते.

वहीची पुढची पाने अधिक ओळखीची. नागपूरच्या सी. के. नायडूंचे एक चित्र आहे. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईस एम. सी. सी. विरुद्ध हिंदूंतर्फे अकरा षट्‌कारांसह १५३ धावा काढणारे हेच ते. त्याच दौऱ्यातील १४८ धावांच्या खेळीमुळे प्रा. दि. ब. देवधरही शेजारच्या पानावर आहेत; संस्कृतचे प्राध्यापक इतके चांगले खेळतात याचा पणजोबांना विशेष आनंद असावा. नायडूंचे चित्र येथील कचेरीतील एका वयस्क सहकाऱ्यास दाखविले, तर ते म्हणाले, “हे तर आमचे कर्णधार!” आणि ते खरेच होते. १९५६-५७ साली साठी उलटलेल्या सी. के. नी उत्तर प्रदेशाचे नेतृत्व केले आणि रणजी सामन्यात अर्धशतकही काढले. परप्रांतात नोकरीस आलेल्या आपणां मंडळींना त्यांच्याइतके आपलेसे करून घेतील, अशी आशा मी धरीत नाही.

भाऊसाहेब निंबाळकरांचे पान विचित्र आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध त्यांच्या ४४३ धावा झाल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमास नऊच कमी. एवढ्यात मध्यंतर झाले आणि काठेवाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला! निंबाळकरांना कसोटी सामना एकही मिळाला नाही. आजोबांनी तेथे चित्रासाठी चार कोपरे चिकटविले आहेत, आणि मधली जागा रिकामीच आहे.

राहता राहिले लखनौ. विद्यापीठाचे मैदान गोमतीच्या काठी आहे व सुटीच्या दिवशी मी तिकडे चक्कर टाकतो. ऑक्टोबर १९५२ मध्ये येथे तागाच्या मॅटिंगवर भारत-पाकिस्तान कसोटी झाली. विजय हजारे व विनू मंकड नव्हते. फझल महमूदने ९४ धावांत बारा बळी घेतले, नझर मोहम्मद १२४ वर नाबाद राहिला आणि पाकिस्तानने आपला पहिला कसोटी विजय एक डाव ४३ धावांनी मिळविला. पराभवाचे कात्रण आजोबांनी चिकटविले, हे मला त्यांचे मोठेपण वाटते. आज त्या मैदानावर विद्यार्थी खेळत असतात. काय घडले ते त्यांना सांगणारी पाटी माझ्या नजरेस पडलेली नाही.

या अंकाच्या वाचकांपैकी कोणाच्या ट्रंकेत १९०६ च्या हिंदू संघाचे अथवा पालवणकर बंधूंचे एखादे छायाचित्र असेल, तर त्याच्या पाठीमागे नावे आजच लिहून ठेवावीत. चेहरे ओळखणारी वडील मंडळी घरात आहेत तोवर हे काम दहा मिनिटांचे आहे.