मोसम आणि मान्सून

मालवणच्या बंदराजवळ माझं बालपण गेलं. मे सरत आला की शेजारचे तांडेल आजोबा आभाळाकडे बघून म्हणायचे, ‘मोसम सरलो, आता होडी वर काढूक व्हयी.’ शाळेत गुरुजी सांगायचे, जूनमध्ये मान्सून सुरू होतो. एकाचा संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू! हे दोन्ही शब्द मुळात एकच, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

अरबीत ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, जत्रेचा, हंगामाचा. दर्यावर्दी अरबांनी तो गलबतं हाकारण्याच्या काळाला लावला. इब्न माजिद या अरब नाखव्यानं १४९०च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात समुद्रप्रवासाचे असे मोसम दिले आहेत. मे १४९८मध्ये वास्को द गामा मलिंदीहून वाटाड्या घेऊन कालिकतला पोचला, तो याच वाऱ्यांच्या भरवशावर. पोर्तुगीजांनी शब्द उचलला, त्याचा ‘मोंसांव’ केला. इटालियनांचा ‘मोन्सोने’, फ्रेंचांचा ‘मूसों’ त्याच गोतावळ्यातले. इंग्रजांकडून तो ‘मान्सून’ होऊन आपल्याकडे आला, तेव्हा फारसीतून आलेला ‘मोसम’ इथं केव्हाच रुळला होता. वाटेत अर्थ मात्र घसरला. आधी प्रवासाचा काळ, मग वारा, मग पाऊस. ज्या शब्दानं शीडं उभारायची, त्याच शब्दानं आता होड्या शाकारतात.

‘तुफान’चंही तसंच. अरबीत तो महापूर. आपण त्यात वारा भरला. ‘वादळ’ संस्कृत ‘वार्दल’पासून, म्हणजे पावसाळी दिवस. हिंदीत त्याचा ‘बादल’ झाला. दर्यावरच्या माणसाला ढगापेक्षा वाऱ्याचं भय जास्त, म्हणून मराठीनं वारा निवडला असावा, असं आपलं मला वाटतं.

लॅटिन ‘टेम्पुस’ म्हणजे काळ. त्यातून निघालेला पोर्तुगीज ‘तेम्पु’ आणि फ्रेंच ‘ताँ’ काळालाही चालतात, हवेलाही. नवल वाटायला नको. आपल्या उन्हाळा, पावसाळा, हिवाळ्यात ‘काळ’च दडलाय. संस्कृत ‘वेला’ तर वेळही, भरतीही आणि किनाराही; गोव्यात चौपाटीला आजही दर्यावेळ म्हणतात.

मे २०२१च्या मध्यास तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. १ जूनपासूनच्या सरकारी मासेमारीबंदीला पंधरवडा बाकी होता, काही होड्या अजून पाण्यातच होत्या. बातम्यांत सगळे विचारत होते, मान्सून लवकर येणार का? बंदरावर विचारत होते, मोसम सरलो काय?