जुन्या सर्व्हरला न दुखवता

ई-मेलने मराठी मजकूर जातो याचं आज कुणाला काही वाटत नाही. पण ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेलने एसएमटीपीचं प्रमाण (आरएफसी ८२१) लिहिलं, तेव्हा त्यात फक्त ७ बिटांच्या आस्कीला जागा होती. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं... संपलं! आठवा बिट कायम शून्य.

बाकीच्यांनी काय करायचं? फ्रेंचमधला तिरक्या रेघेचा 'ई' घ्या. लॅटिन-१ मधल्या या अक्षराचा आठवा बिट सर्व्हरने छाटला की त्याचा चक्क 'आय' होतो. मग दोन तट पडले. एक म्हणे, सरळ आठ बिट पाठवा, जुने सर्व्हर बदलतील. दुसरा म्हणे, नियम म्हणजे नियम, जगभरचे सर्व्हर एका रात्रीत कोण बदलणार?

जून १९९२ मध्ये नथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांचं 'माइम' आलं. त्यातली एक युक्ती म्हणजे बेस ६४: दर ३ बाइटांची ४ साधी आस्की अक्षरं करायची. जुन्या सर्व्हरला पत्ताच लागत नाही! फक्त मजकूर एक तृतीयांशाने फुगतो. आपला 'क' यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचा. तो '४ के एस व्ही' असा वेष घालून जातो.

फेब्रुवारी १९९३ मध्ये याहून सभ्य तोडगा निघाला. पाठवणारा 'हेलो'ऐवजी 'एहलो' म्हणतो. समोरचा नवा असेल तर आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो. त्यात आठ बिट असले, तर मजकूर न फुगवता पाठवता येतो. जुना असेल तर '५००, आज्ञा कळली नाही' म्हणतो. मग मुकाट्याने जुनं 'हेलो'. कुणाचं काही मोडलं नाही.

पण पत्त्याचं काय? मजकूर सर्व्हरला वाचावा लागत नाही, पत्ता मात्र वाचावाच लागतो. तिथे वेषांतर चालत नाही. देवनागरी पत्त्यांना वाट देणारं प्रमाण (आरएफसी ६५३१) २०१२ मध्ये आलं, म्हणजे पोस्टेलनंतर ३० वर्षांनी. आणि वाटेतल्या एका सर्व्हरला जरी ते येत नसलं, तरी मेल परत!

बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी हवीच. ती नसती तर आपला मजकूरही वाटेत मोडला असता. पण ती फुकट नसते, आणि बिल फाटतं ते उशिरा आलेल्याच्या नावावर. नवं प्रमाण लिहिताना त्या खोलीत कोण बसलेलं नाही, हे एकदा मोजलेलं बरं.