बाह्य ॲम्प्लिफायर (होम थिएटर)

बाह्य ॲम्प्लिफायर म्हणजे होम थिएटर रिसीव्हरच्या बाहेर, स्वतंत्र पेटीत असलेला आणि स्पीकरना विद्युतशक्ती पुरवणारा विवर्धक होय. यास पॉवर ॲम्प्लिफायर किंवा शक्तिविवर्धक असेही म्हणतात. रिसीव्हरमध्ये असा विवर्धक मुळातच अंतर्भूत असतो; त्यामुळे बाह्य ॲम्प्लिफायर ही गरज नसून पूरक सोय आहे. तो जोडावा की नाही, हे स्पीकरची संवेदनशीलता व संरोध, श्रोत्याचे अंतर, खोलीचा आकार आणि अपेक्षित आवाजाची पातळी यांवर ठरते. कोकण किनारपट्टीसारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात वीजपुरवठा, अर्थिंग आणि उपकरणांचे गंजणे यांचाही विचार करावा लागतो.

संज्ञा

मराठीत ‘ध्वनिवर्धक’ हा शब्द ॲम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर या दोहोंसाठी वापरला जातो. प्रस्तुत लेखात विद्युत संकेताची शक्ती वाढवणाऱ्या उपकरणास ॲम्प्लिफायर आणि त्या संकेताचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या उपकरणास स्पीकर म्हटले आहे. होम थिएटर रिसीव्हर हे तीन कामे एकत्र करणारे उपकरण आहे: चित्र व ध्वनीचे स्रोत निवडणे, बहुवाहिनी ध्वनीचे संस्करण करणे आणि प्रत्येक वाहिनीच्या स्पीकरला शक्ती पुरवणे. बाह्य ॲम्प्लिफायर यांपैकी फक्त तिसरे काम आपल्याकडे घेतो.

पार्श्वभूमी

अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तयार केलेल्या ऑडिऑन या निर्वात नलिकेतून इलेक्ट्रॉनीय विवर्धनाचा मार्ग खुला झाला. बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर पुढील दशकांत ॲम्प्लिफायर लहान व स्वस्त होत गेले. घरगुती वापरासाठी डॉल्बी सराउंड ही प्रणाली १९८२ मध्ये आली. चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये, तर डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये दाखल झाले आणि कालांतराने दोन्ही घरगुती रिसीव्हरमध्येही आले. वाहिन्यांची संख्या दोनवरून पाच, सात, नऊ आणि त्याहून पुढे गेली. इतके विवर्धक एकाच पेटीत व एकाच ट्रान्सफॉर्मरवर बसवण्याची मर्यादा हे बाह्य ॲम्प्लिफायरच्या वापरामागील एक मुख्य कारण आहे.

वॅट आणि आवाज यांचा संबंध

ॲम्प्लिफायरची शक्ती वॅटमध्ये, तर आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. डेसिबेल हे लघुगणकीय एकक असल्याने शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. मानवी कानाला आवाज साधारण दुप्पट वाटण्यासाठी १० डेसिबेलची वाढ, म्हणजेच दहापट शक्ती लागते. म्हणून १०० वॅटच्या रिसीव्हरला २०० वॅटचा ॲम्प्लिफायर जोडल्यास आवाज दुप्पट होतो, ही समजूत चुकीची आहे. होणारा फरक जाणवण्याजोगा, परंतु मर्यादित असतो.

स्पीकरची संवेदनशीलता म्हणजे १ वॅट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर मिळणारी पातळी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यावर पातळी ६ डेसिबेलने घटते. उदाहरणार्थ, ८७ डेसिबेल संवेदनशीलतेच्या एका स्पीकरपासून ३ मीटर अंतरावर बसलेल्या श्रोत्यास १ वॅटमध्ये सुमारे ७७.५ डेसिबेल पातळी मिळते. त्याच श्रोत्यास पुढील पातळ्यांसाठी अशी शक्ती लागते:

• ८५ डेसिबेल – सुमारे ६ वॅट
• ९५ डेसिबेल – सुमारे ५६ वॅट
• १०५ डेसिबेल – सुमारे ५६० वॅट

चित्रपट संदर्भपातळीवर ऐकताना मुख्य वाहिनीचे क्षणिक शिखर १०५ डेसिबेलपर्यंत जाऊ शकते. मात्र घरात सहसा याहून बऱ्याच कमी पातळीवर ऐकले जाते. स्पीकरची संवेदनशीलता ९२ डेसिबेल असल्यास ९५ डेसिबेल पातळीसाठी ५६ ऐवजी सुमारे १८ वॅट पुरतात. म्हणजेच अधिक संवेदनशील स्पीकर निवडल्याने होणारा लाभ तिप्पट शक्तीच्या ॲम्प्लिफायरइतका असतो. बंद खोलीत भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे प्रत्यक्ष गरज या आकड्यांपेक्षा काहीशी कमी भरते.

रिसीव्हरवरील छापील शक्ती

माहितीपत्रकातील वॅटचा आकडा कोणत्या अटींवर मोजला आहे, हे महत्त्वाचे असते. एकच वाहिनी, एकच वारंवारता आणि १० टक्के ध्वनिविकृती या अटींवर काढलेला आकडा मोठा दिसतो. दोन वाहिन्या, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि अत्यल्प विकृती या अटींवरील आकडा लहान, पण अधिक विश्वसनीय असतो. सर्व वाहिन्या एकाच वेळी पूर्ण शक्तीने चालवल्यास प्रत्येक वाहिनीस मिळणारी शक्ती आणखी घटते. तथापि चित्रपटात सर्व वाहिन्या एकदम शिखरावर जाण्याचे प्रसंग विरळ असतात.

ॲम्प्लिफायरकडे त्याच्या क्षमतेपलीकडे मागणी केल्यास संकेताचे माथे छाटले जातात. यास क्लिपिंग म्हणतात. अशा वेळी आवाज कर्कश होतो, संकेतातील उच्च वारंवारतांचे प्रमाण वाढते आणि ट्वीटर जळण्याचा धोका निर्माण होतो.

उपयुक्त ठरणारी परिस्थिती

बाह्य ॲम्प्लिफायर पुढील परिस्थितींत उपयुक्त ठरतो:

• स्पीकरचा संरोध ४ ओहम किंवा त्याहून कमी असणे. समान व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो. त्यामुळे रिसीव्हर तापतो किंवा संरक्षक मंडलामुळे बंद पडतो.
• स्पीकरची संवेदनशीलता कमी आणि श्रोत्याचे अंतर जास्त असणे.
• नेहमीच्या ऐकण्याच्या पातळीवरच जोरकस प्रसंगी आवाज फाटणे.
• रिसीव्हर जितक्या वाहिन्यांचे संस्करण करतो, त्याहून त्यातील विवर्धकांची संख्या कमी असणे.

यांपैकी काहीही लागू नसल्यास आणि रिसीव्हर सुस्थितीत असल्यास, समान पातळीवर ऐकताना बाह्य ॲम्प्लिफायरमुळे पडणारा फरक सहसा ओळखू येत नाही. दोन उपकरणांची तुलना करताना त्यांची पातळी मोजून सारखी करणे आवश्यक असते; किंचित मोठा आवाजही कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो.

पर्याय

खर्च करण्यापूर्वी काही सोपे उपाय तपासले जातात. मुख्य स्पीकरना रिसीव्हरच्या मांडणीत ‘स्मॉल’ ठरवून ८० हर्ट्झखालील ध्वनी स्वतःचा विवर्धक असलेल्या सबवूफरकडे वळवल्यास रिसीव्हरवरील मोठा भार कमी होतो. श्रोत्याचे अंतर ४ मीटरवरून २ मीटर केल्यास सुमारे ६ डेसिबेल, म्हणजे चौपट शक्तीइतका लाभ विनाखर्च मिळू शकतो. संवाद ऐकू न येण्याची तक्रार असल्यास मधल्या स्पीकरची पातळी २ ते ३ डेसिबेलने वाढवणे आणि खोलीतील प्रतिध्वनी जाड पडदे वा सतरंजीने कमी करणे अधिक परिणामकारक असते.

जोडणी

बाह्य ॲम्प्लिफायरसाठी रिसीव्हरवर प्री-आउट ही निर्गम जोडणी असावी लागते. प्री-आउटपासून आरसीए किंवा एक्सएलआर तारेने संकेत ॲम्प्लिफायरकडे नेतात आणि स्पीकरची तार रिसीव्हरवरून काढून ॲम्प्लिफायरला लावतात. दोन्ही उपकरणांचे स्पीकर-निर्गम एकमेकांना कधीही जोडू नयेत. त्याने दोन्ही निकामी होऊ शकतात. रिसीव्हर आधी व ॲम्प्लिफायर नंतर सुरू करतात; बंद करताना क्रम उलट असतो. १२ व्होल्ट ट्रिगरची सोय असल्यास हे आपोआप घडते. जोडणीनंतर सर्व वाहिन्यांची पातळी मापक मायक्रोफोनने पुन्हा जुळवावी लागते.

जोडणीनंतर ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू आल्यास तिचे कारण बहुधा अर्थिंगचे वेटोळे हे असते. दोन्ही उपकरणे एकाच विद्युतफलकावर घेणे आणि केबल टीव्हीची तार काढून पाहणे, हे पहिले उपाय होत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे जीवघेणे ठरू शकते.

कोकण किनाऱ्यावरील वापर

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव अरबी समुद्राच्या काठी वसलेले असून तेथील शिवमंदिर व महाशिवरात्रीची यात्रा प्रसिद्ध आहे. अशा किनारी गावांत बाह्य ॲम्प्लिफायरचा निर्णय शहरी सदनिकेपेक्षा काहीसा निराळा असतो.

खारी व दमट हवा तांब्याच्या तारांची टोके, रिले आणि जोडण्या गंजवते. पंखा असलेला ॲम्प्लिफायर ही हवा आत खेचतो. म्हणून पंखाविरहित रचना तेथे अधिक टिकाऊ ठरते. पावसाळ्यात उपकरण महिनोन्महिने बंद न ठेवता अधूनमधून चालवल्यास त्याच्या उष्णतेने आतील ओलावा निघून जातो.

गावातील व्होल्टेज कमी असल्याने आवाज क्षीण होतो, असाही समज आढळतो. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाल्यास त्याची कमाल शक्ती सुमारे एकतृतीयांशाने घटते. परंतु डेसिबेलमध्ये ही घट २ पेक्षा कमी असते. याउलट मोठा ॲम्प्लिफायर सुरू होताना ओढला जाणारा क्षणिक प्रवाह घरगुती इन्व्हर्टरला पेलत नाही. जांभ्या खडकाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओलावा आटून अर्थिंगचा रोध वाढतो. मॉन्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजा चमकत असताना प्लग व अँटेनाची तार दोन्ही काढून ठेवणे, हाच खात्रीचा बचाव आहे.

कौलारू, माळ्याला मोकळीक असलेल्या घरात खर्जाचा ध्वनी बाहेर निसटतो, त्यामुळे सबवूफरची गरज वाढते. पत्र्यावर मुसळधार पाऊस पडत असताना संवाद बुडतात. त्यावर १० डेसिबेलने मात करण्यास दहापट शक्ती लागते, म्हणून वॅट वाढवणे हा तेथे व्यवहार्य उपाय नव्हे.

जत्रा, भजने व दशावतारी नाटकांसाठी भाड्याने मिळणारे सार्वजनिक ॲम्प्लिफायर होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरहून भिन्न असतात. त्यांपैकी अनेकांना दूरवरच्या भोंग्यांसाठी १०० व्होल्टची निर्गम वाहिनी असते. तिला घरगुती स्पीकर थेट जोडल्यास तो जळू शकतो.

श्रवणसुरक्षा आणि कायदा

अधिक शक्तीबरोबर श्रवणहानीचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबेल पातळीचे ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानता येते. पातळी ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित कालावधी निम्मा होतो.

भारतात ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनिव्यवस्थेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक असू नये, अशी तरतूद आहे. खर्जाचा ध्वनी भिंतींतून सहज पार होत असल्याने लगतच्या घरांना प्रथम तोच जाणवतो.

हे देखील पहा

• डेसिबेल
• ट्रान्झिस्टर
• ध्वनिप्रदूषण
• कुणकेश्वर